हीटचा नॉब आणि मामांची नेलपॉलिश

प्रश्न : मी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या लॅबमधल्या मॅग्नेटिक स्टररला (प्लेटवर ठेवलेलं द्रावण चुंबकाने ढवळणारं आणि तापवणारं मशीन) हीट आणि स्टर असे दोन सारखेच काळे नॉब आहेत. मागच्या महिन्यात मी स्टर समजून हीट वाढवलं. वर चटकन पेटणाऱ्या ॲसिटोनचा बीकर होता. सरांनी वेळेत बंद केलं, ओरडा मात्र मी खाल्ला. मग लॅबच्या मामांनी हीटच्या नॉबवर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तेव्हापासून मी वहीत अशा मशीनची चित्रं काढतेय (दोन सोबत पाठवते). मला हेच, मशीन डिझाइन करण्याचं काम करायचंय. बाबा म्हणतात, एम.एस्सी. कर आणि कंपनीत क्यूसीला (मालाचा दर्जा तपासण्याच्या विभागात) लाग.
– एक विद्यार्थिनी, जयसिंगपूर

उत्तर : ओरडा तू खाल्लास, पण निम्मी चूक मशीनची होती. एका नॉबने बीकरमधली चुंबकाची कांडी, म्हणजे बीड फिरते, दुसऱ्याने प्लेट तीनशे अंशांच्या घरात जाऊ शकते, आणि दोन्ही शेजारीशेजारी, एकाच मापाचे! ॲसिटोन ५६ अंशांना उकळतं. ईथर असतं तर त्याची वाफ १६०-१८० अंशांच्या आसपास ठिणगीशिवायही पेटते.

आता आठव, नॉब फिरवताना तू कुठे बघत होतीस? बीकरमध्येच ना? सगळे तिथेच बघतात. भोवरा नीट पडतोय का, बीड जागा सोडून थडथडायला लागली का, हे आत बघूनच कळतं. म्हणजे रंगाचा ठिपका जो बघेल त्यालाच उपयोगी. फरक बोटांना कळला पाहिजे: हीटचा नॉब वेगळ्या आकाराचा हवा, किंवा दाबल्याशिवाय न फिरणारा. इंडस्ट्रियल डिझाइन म्हणतात ते हेच. मशीन देखणं करणं हा त्यातला छोटा भाग.

खरे पेच पुढे आहेत. रात्रभर रिॲक्शन लावलीय आणि लाइट जाऊन आली. स्टररने आपोआप सुरू व्हावं का? नाही झालं तर रात्र वाया. झालं, आणि तोवर बीड अडकलेली असली, तर लॅबमध्ये कुणी नसताना प्लेट तापत राहणार. म्हणून काही मशीनमध्ये हा निर्णय वापरणाऱ्यावर सोडलेला असतो. पण ते सेटिंग कुठे ठेवायचं, म्हणजे चुकून बदललं जाणार नाही आणि गरजेला सापडेलही? सांडलेलं द्रावण नॉबच्या दांड्यावरून आत उतरतं, ते कसं अडवायचं? बंद केल्यावरही प्लेट गरम आहे, हे कसं सांगायचं? लॅबमधल्या ढवळण्या-मिसळण्याच्या उपकरणांसाठी सुरक्षिततेचं स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकच आहे, आयईसी ६१०१०-२-०५१.

उलट व्होर्टेक्स मिक्सर बघ, टेस्ट ट्यूब हलवून आतलं द्रावण मिसळणारं छोटं मशीन. त्याचं अमेरिकी पेटंट १९६२ चं. टेस्ट ट्यूब रबरी कपावर दाबली की सुरू, उचलली की बंद. वाचायला काही नाही, शिकायला काही नाही. मला विचारशील तर आजच्या कित्येक टचस्क्रीनपेक्षा ते सरस आहे, कारण ओल्या हातमोज्याने टचस्क्रीन वापरणं म्हणजे नुसता वैताग.

तुझी चित्रं सफाईदार आहेत, पण दोन्ही मशीन हवेत तरंगतायत. ना बीकर, ना वायर, ना हात. वायर तर काढच, कारण ती तापलेल्या प्लेटला टेकून वितळते.

आता बाबांचा मुद्दा. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी असते ती यूसीड ही प्रवेश परीक्षा तुझ्या हातून गेली. पदवीनंतर एम.डेस.साठी (डिझाइनमधल्या पदव्युत्तर पदवीसाठी) सीड ही परीक्षा असते. ती आयआयटी मुंबई घेते. तीन वर्षांच्या पदवीवर ती देता येते. पण परीक्षा देता येणं वेगळं आणि प्रवेश मिळणं वेगळं. पात्रता प्रत्येक संस्था आपापली ठरवते, आणि काही ठिकाणी तीन वर्षांची बी.एस्सी. पुरत नाही. त्यामुळे बाबांची एम.एस्सी. तुझ्या आड येत नाही, उलट दारं वाढवते. ज्या त्या संस्थेचं त्या वर्षीचं माहितीपत्रक मात्र स्वतः वाच, क्लासवाल्यांच्या भरवशावर राहू नकोस.

नोकऱ्यांचंही स्पष्ट सांगतो. ‘लॅब उपकरणांचा डिझायनर’ अशी जाहिरात क्वचितच दिसेल. आपल्याकडे वसईला, तिकडे हरियाणात अंबाल्याला अशी उपकरणं बनतात, पण लहान कारखान्यात नॉब कुठे बसवायचा हे बहुधा मेकॅनिकलचा इंजिनिअर किंवा मालकच ठरवतो. त्यामुळे सुरुवात कदाचित एखाद्या डिझाइन स्टुडिओत किंवा वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत होईल. तिथे तुझ्याबरोबरचे बरेच जण इंजिनिअरिंगचे असतील. स्टररपुढे इतकी वर्षं उभी राहिलेली बहुधा तू एकटीच.

चित्रं थोडे दिवस बाजूला ठेव. लॅबमध्ये दहा जण स्टरर वापरताना बघ. आधी कुठला हात जातो, नजर कुठे असते, नॉबवरचे आकडे कोण वाचतं, सगळं तारीख घालून लिही. आणि मामांना विचार, तो ठिपका किती दिवसांनी परत द्यावा लागतो. टेबलावर ॲसिटोन आहे आणि नेलपॉलिश ॲसिटोननेच निघते.