आधी आवाज, मग तोंड हलवा

अरे, अ‍ॅनिमेशनमधल्या पात्रांना कुणाचा तरी आवाज घेणार असशील तर एक लक्षात ठेव, आवाज रेकॉर्ड झाल्याशिवाय लिप-सिंकला, म्हणजे पात्राचं तोंड बोलण्याशी जुळवायला, हात लावू नकोस. मी पहिल्यांदा उलटं केलं, तोंडं आधी हलवून ठेवली आणि मग आवाज देणारा बिचारा कलाकार "नाही" हा एकच शब्द ताणून ताणून म्हणत बसला तरी जुळेना. बाकी सुरुवातीला एवढंच बघ:

- कलाकाराला नुसत्या ओळी पाठवू नकोस, पात्राचं स्केच आणि सीनमध्ये काय चाललंय तेही दे.
- प्रत्येक ओळीचे 3 टेक. धाप, हुंदका, हसू त्याच दिवशी उरकून घे, सगळे हेच विसरतात!
- स्वतः बोलून दाखवू नकोस, पात्र का चिडलंय ते सांग.
- आवाजाची फाइल वेव्ह (WAV) फॉरमॅटमध्ये, सॅम्पल रेट 48 किलोहर्ट्झ.

पैसे देता येणार नसतील तर पहिल्याच मेसेजमध्ये स्पष्ट सांग. माइकचं नंतर बघू, आधी खोलीतला पंखा बंद कर.