‘फाइन’ म्हणजे दंड, मग ‘आय ॲम फाइन’ कसं?

तुम्ही विचारलंय की दंडालाही फाइन आणि ‘मी बरा आहे’ यालाही फाइन, हे कसं काय. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच आहे: लॅटिनमधला ‘फिनिस’, म्हणजे शेवट. मध्ययुगात दावा मिटवायला जी रक्कम भरायची, तिला फाइन म्हणू लागले. पैसे भरले, विषय संपला. फायनल, फिनिश आणि चक्क फायनान्ससुद्धा याच गोतावळ्यातले. दुसरीकडे, जे शेवटच्या टोकाला, कळसाला पोचलं ते उत्तम. तिथून फाइन म्हणजे उत्कृष्ट, शुद्ध, आणि पुढे तलम, बारीक.

हा ‘बारीक’ लक्षात ठेवलात की निम्मं काम होतं. फाइन सँड म्हणजे बारीक वाळू. फाइन प्रिंट म्हणजे करारातल्या बारीक अक्षरातल्या अटी, ज्या सही केल्यावरच आपल्याला दिसतात. हवेतल्या २.५ मायक्रॉन किंवा त्याहून लहान कणांनाही फाइनच म्हणतात. क्रिकेटमधला फाइन लेगही त्यातलाच: यष्टींमागे जाणाऱ्या सरळ रेषेशी त्या क्षेत्ररक्षकाचा कोन लहान असतो. कोन मोठा होत गेला की तो स्क्वेअर लेगकडे सरकला.

खरी मेख आहे ती बोलण्यात. मी भाषांतरं करतो. सुरुवातीच्या दिवसांत एका संवादात यजमान विचारतो, ‘आणखी कॉफी?’ पाहुणा म्हणतो, ‘आय ॲम फाइन.’ मी बेधडक लिहिलं, ‘मी मजेत आहे.’ तपासणाऱ्या बाईंनी शेजारी एवढंच लिहिलं: ‘कॉफी हवी की नको?’ तिथे त्याचा अर्थ ‘नको, पुरे’ असा होता.

‘दॅट्स फाइन’ म्हणजे ‘चालेल’. चूक झाल्यावर कोणी ‘इट्स फाइन’ म्हणालं, तर ‘असू दे’. आणि नुसतं ‘फाइन’, तेही तुटकपणे? ते आपल्या ‘बरं’सारखं. ‘बरं!’ म्हणजे होकार, ‘बरंऽऽ’ म्हणजे पुढे बोला, आणि मान फिरवून म्हटलेलं ‘बरं’ म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहेच. चॅटवर असं एकटंच ‘फाइन’ आलं, त्यापुढे पूर्णविरामही असला, तर मी आधी फोन लावतो.