मिसळीचं दुकान इको-फ्रेंडली करायचंय? आधी हे बघ

भावा, नाशिकला गंगापूर रोडवर मिसळ सुरू करतोयस, मस्तच, पण ते 'इको-फ्रेंडली' छापलेले महागडे डिस्पोजेबल बाऊल घ्यायची घाई करू नको. बसून खाणाऱ्यांना सरळ स्टील दे, भांडी बाजारात एकदाच खरेदी, धुवायला एक माणूस लागेल पण दर महिन्याचं ते डिस्पोजेबलचं बिल तरी वाचतं ना. पेपर कप म्हणजे नुसता कागद असंही समजू नको, बहुतेकांना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं, चहाला काचेचे ग्लास बेस्ट. प्लास्टिकचे चमचे, स्ट्रॉ, प्लेटा तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहेत. पार्सलला घरून डबा आणला तर पाच रुपये कमी कर, लोक आणतात खरंच.

खरा घोळ तेलाचा असतो. भज्यांचं तेल परत परत तापवत बसायचं नाही, तापवून तापवून तेलात जे खराब घटक (पोलर कंपाउंड) तयार होतात ते २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही असा एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, नियमच आहे, आणि बेसिनमध्ये तर अजिबात ओतू नको, पाइप तुंबतो तो तुंबतोच वर आपल्या गोदावरीचे हाल आधीच काय कमी आहेत का. कॅनमध्ये साठव, बायोडिझेलसाठी गोळा करणारे घेऊन जातात, फक्त अधिकृत आहेत का ते बघ नाहीतर तेच तेल स्वस्तात दुसऱ्या कुणाच्या तरी कढईत जायचं.

ओला-सुका कचरा वेगळा करूनच घंटागाडीत टाक. सोलर वगैरे आत्ता विसर, जागा भाड्याची आहे तुझी.