कोरी आकृती आणि दोन मीटर दोरी

प्रिय शिक्षकमित्रास,
अ. उ. आ.

मानवी प्रजननाचा पाठ घ्यायचाय आणि मुलं हसतील याची धास्ती वाटते, असं लिहिलंस. हसतीलच. पहिली पाचेक मिनिटं हसू दे, आपोआप ओसरतं. खरी अडचण निराळी आहे. मुलांच्या डोक्यात या विषयाचं एक चित्र आधीच तयार असतं आणि आपण ते न बघताच त्यावर नवं रंगवत सुटतो.

म्हणून पहिल्या तासाला फळ्यावर काहीच काढू नकोस. प्रत्येकाला धडाची कोरी बाह्याकृती दे. बाळ कुठे वाढतं, बाहेर कुठून येतं, एवढंच त्यात काढायला सांग. नावाऐवजी स्वतःची एखादी खूण करू दे. कागद घरी नेऊन नीट बघ. आपण ‘आईच्या पोटात बाळ’ म्हणतो, त्यामुळे कित्येकांचं बाळ जठरात बसलेलं असेल आणि डोक्यावर घास पडत असेल. दुसरी हमखास चूक म्हणजे लघवीची आणि बाळाची वाट एकच.

या दुसऱ्या चुकीत पुस्तकातल्या आकृतीचाही हात आहे. समोरून काढलेल्या त्या आकृतीत बहुधा मूत्राशय नसतोच. तू बाजूने छेद काढ: पुढे मूत्राशय, मध्ये गर्भाशय, मागे मलाशय, खाली तीन वेगळी द्वारं, मूत्रमार्गाचं, योनिमार्गाचं आणि गुदद्वार. एरवी सात-आठ सेंटिमीटर लांबीचं गर्भाशय बहुतेकींमध्ये मूत्राशयावर पुढे कललेलं असतं. हे पाहिलं की गरोदरपणात लघवीला वारंवार का जावं लागतं, ते मुलं स्वतःच सांगतात. मुलग्यांच्या शरीरात मात्र मूत्र आणि वीर्य एकाच मार्गाने बाहेर येतात. ‘मग मिसळत नाहीत का?’ हा प्रश्न येतोच. वीर्य बाहेर पडताना मूत्राशयाचं तोंड आवळलं जातं, एवढं उत्तर पुरे.

शब्द उच्चारताना आवाज बदलू नकोस. ‘यकृत’ ज्या सुरात म्हणतोस, त्याच सुरात ‘वृषण’ आणि ‘योनिमार्ग’. एखाद्याने रस्त्यावरचा शब्द वापरला तर रागावायचं नाही. उत्तर देताना शास्त्रीय शब्द घालायचा, बस. सगळ्यात जास्त घोळ घालतो तो मात्र अगदी सभ्य शब्द: ‘अशुद्ध’. पाळीत अशुद्ध रक्त बाहेर जातं, हा समज त्यातूनच पक्का होतो. गर्भाशयाचं अस्तर गर्भासाठी जाड झालेलं असतं. गर्भ रुजला नाही की ते सुटतं आणि रक्तासोबत बाहेर येतं, त्यात घाण कसली? एका पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवायचं, हेही तिथेच सांगून टाक.

मग कागदाच्या तीन पट्ट्या काप: २४, २८ आणि ३४ चौकोनांच्या. एक पट्टी म्हणजे एका पाळीपासून पुढच्या पाळीपर्यंतचं चक्र, एक चौकोन म्हणजे एक दिवस, पाळीचा पहिला दिवस डावीकडे. आता उजव्या टोकाकडून १४ चौकोन मोजून तिथे घडी घालायला सांग. घडी अनुक्रमे दहाव्या, चौदाव्या आणि विसाव्या दिवसापाशी येते. अंडमोचन, म्हणजे अंडाशयातून अंडपेशी सुटणं, साधारण त्या सुमाराला. ‘चौदाव्या दिवशी अंडं सुटतं’ हे घोकलेलं वाक्य इथेच गळून पडतं, कारण ते २८ दिवसांच्या चक्रापुरतंच होतं. एक इशारा विसरू नकोस. चक्र किती दिवसांचं होतं हे ते संपल्यावरच कळतं आणि पाळी सुरू झाल्यानंतरची पहिली काही वर्षं ती बरीच अनियमित असते. तेव्हा या घडीवरून ‘सुरक्षित दिवस’ ठरवता येत नाहीत. त्यात अंडपेशी जेमतेम दिवसभर टिकत असली, तरी शुक्रपेशी स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकते.

अंडपेशीच्या आकारासाठी वही पुरते. दोनशे पानी वहीतली कागदांची थप्पी घट्ट दाबून मोजली की सेंटिमीटरच्या आसपास भरते. कागद शंभर, म्हणजे एकाची जाडी सुमारे ०.१ मिलिमीटर. अंडपेशीचा व्यास तेवढाच. एक पान डोळ्यांसमोर आडवं धरून कड बघायला लाव.

विकासाला दोरी. दोन मीटरची घे, पाच सेंटिमीटरला एक आठवडा, म्हणजे चाळीस आठवडे बसतात. डॉक्टर शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, तेव्हा शून्य तिथे. फलनाची गाठ १० सेंटिमीटरवर बांध. पहिल्या दोन आठवड्यांत गर्भ नसतोच, हे ऐकून वर्ग चक्रावतो. चक्रावू दे, गरोदरपण कुठे ३८ तर कुठे ४० आठवड्यांचं का सांगतात, हे कोडं तिथेच सुटतं: फलनापासून मोजले तर ३८, पाळीपासून मोजले तर ४०. पाळी चुकल्याची गाठ २० वर, हृदय धडधडू लागल्याची २६ च्या जवळपास. ५० सेंटिमीटरपर्यंत बहुतेक सगळ्या अवयवांची मांडणी झालेली असते आणि गर्भ फक्त तीनेक सेंटिमीटरचा असतो. उरलेला दीड मीटर मुख्यतः वाढ आणि अवयव कामाला तयार होणं. सुरुवातीच्या आठवड्यांत औषधं डॉक्टरांना विचारल्याशिवाय का घ्यायची नाहीत, ते वेगळं समजवावं लागत नाही.

वार आणि नाळ यांत गल्लत होते. वार गर्भाशयाला चिकटलेली, नाळ तिला बाळाशी जोडणारी. आईचं आणि बाळाचं रक्त वारेत एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून ऑक्सिजन आणि अन्नद्रव्यं पलीकडे जातात. नाळेत दोन धमन्या आणि एक शीर असते, आणि इथे ऑक्सिजनयुक्त रक्त शिरेतून वाहतं. ‘शिरेत अशुद्ध रक्त’ म्हणणारे अडखळतात. पुन्हा तोच शब्द!

प्रश्नपेटी ठेव. चिठ्ठ्या एकाच आकाराच्या, आणि प्रत्येकाने काहीतरी लिहायचंच. प्रश्न नसेल तर ‘प्रश्न नाही’. नाहीतर लिहिणारा उघडा पडतो. चिठ्ठ्या तिथल्या तिथे वाचू नकोस. आधी एकट्याने वाच, उत्तरं पुढच्या तासाला दे. कुणी आपल्याला नको तसा स्पर्श करतं, असं एखादीत सूचित झालं तर ती वर्गात वाचायची नाही. ‘तुमचं सगळं गुपित ठेवेन’ असं वचन आधी देऊन बसू नकोस, कारण अशा वेळी योग्य माणसांना सांगावंच लागतं. कुणाला सांगायचं, हे पाठ सुरू करण्याआधीच विचारून ठेव.

शेवटच्या तासाला तीच कोरी आकृती पुन्हा वाट, खुणेवरून जुनी शेजारी ठेव. अजून कुणाचं बाळ जठरात असेल, तर आकृतीतल्या भागांना नावं देण्याची परीक्षा दोन दिवस लांबव आणि बाजूचा छेद पुन्हा काढ.