'मांडणी' की 'व्यूहरचना'?

प्रश्न असा आहे: अमेरिकन फुटबॉलमधल्या 'ऑफेन्सिव्ह' आणि 'डिफेन्सिव्ह फॉर्मेशन'ना 'आक्रमक व्यूहरचना' आणि 'बचावात्मक व्यूहरचना' म्हणावं का?

मी म्हणेन, 'चढाईची मांडणी' आणि 'बचावाची मांडणी'.

'व्यूह' मुळात चपखल होता. वि + ऊह्, म्हणजे वेगवेगळं करून जागच्या जागी लावणं. पण आज निवडणुकीची व्यूहरचना असते, खटल्याची असते. रणांगणावरचा शब्द डोक्यातल्या बेतासाठी वापरला जाऊ लागला. फॉर्मेशन मात्र डोळ्यांना दिसते: चेंडू हलण्याआधी अकरा जण कुठे उभे आहेत, एवढंच.

तो क्षण जवळून पाहा. एनएफएल या अमेरिकी व्यावसायिक लीगच्या नियमानुसार चढाई करणाऱ्यांपैकी किमान सात जण चेंडूच्या रेषेवर हवेत. सगळ्यांनी पूर्ण एक सेकंद निश्चल राहायचं. मग चेंडू मागे येईपर्यंत फक्त एकाला हलायची मुभा, तीही आडवं किंवा मागे. पट मांडून झाला आणि हात बाजूला घेतला, अगदी तसं. आपण पट मांडतो, भातुकली मांडतो; विटा मात्र रचतो. एकावर एक चढवायचं ते रचणं, पसरून जागेवर ठेवायचं ते मांडणं. इथे घडतं ते मांडणंच.

शिवाय 'प्ले'साठी 'डाव' आयता मिळतो. 'शॉटगन' मांडणीत क्वार्टरबॅक, म्हणजे चढाई चालवणारा खेळाडू, सेंटरच्या (चेंडू मागे देणाऱ्याच्या) सुमारे पाच यार्ड मागे उभा राहतो. तिथून तो पास फेकेल, रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या, हाती चेंडू देईल की स्वतः पळेल, हे ठरतं डावात. मांडणी एक, डाव अनेक. 'व्यूहरचना' वापरली की हा फरकच पुसला जातो.

'आक्रमक' तर मुळीच नको. तो स्वभाव झाला. बचाव करणारेही 'ब्लिट्झ' करून क्वार्टरबॅकवर तुटून पडतात. तो आक्रमक बचावच. 'चढाई' आणि 'बचाव' हे कबड्डीत रुळलेले शब्द बाजू सांगतात, स्वभाव नाही.

बचावाच्या मांडण्या आकड्यांनी ओळखतात. '४-३' म्हणजे रेषेवर पुढे चार लाइनमन, त्यांच्यामागच्या फळीत तीन लाइनबॅकर. पण शिकागो बेअर्स संघाच्या '४६'ला 'चार-सहा' लिहू नये. प्रशिक्षक बडी रायन यांच्या त्या बचावाला डग प्लँक या खेळाडूच्या जर्सीचा क्रमांक मिळाला, म्हणून तो 'सेहेचाळीस'. 'निकेल' आणि 'डाइम' ही बचावाच्या मांडण्यांची नावंही तशीच ठेवावीत. निकेल पाच सेंटचं नाणं आणि मागे बचावपटू पाच, इथवर जमतं. डाइम दहा सेंटचं, पण बचावपटू सहाच. भाषांतर केलं तर आकडाच चुकेल.

सुटा 'व्यूह' मात्र मला आकाराच्या नावांसाठी हवा आहे. क्रौंच, मकर, शकट ही महाभारतातली नावं आकारावरून आली, तसंच 'विशबोन' या चढाईच्या मांडणीचं नाव कोंबडीच्या छातीच्या दुबेळक्या हाडावरून. १९६८मध्ये टेक्सस विद्यापीठाच्या संघासाठी एमरी बेलार्ड यांनी ती आणली: क्वार्टरबॅकच्या पाठीशी फुलबॅक, त्याच्यामागे डावी-उजवीकडे एकेक हाफबॅक (हे तिघेही रनिंग बॅकच). वरून पाहिलं तर थेट बेचकी. तिला 'बेचकी-व्यूह' म्हणायला मला फार आवडेल.