वहिवाटीचा पुरावा मागणारे लिंकन

प्रश्न : अब्राहम लिंकन स्प्रिंगफिल्डसारख्या लहान शहरात वकिली करत असताना एकदा अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले होते. तेथे त्यांनी काय केले? मेक्सिकोशी झालेल्या युद्धाला विरोध केल्यामुळे मतदारांनी त्यांना पाडले, हे खरे का?

उत्तर : पाडले नाही, कारण १८४८ मध्ये ते त्या जागेसाठी उभेच नव्हते. त्यांच्या मतदारसंघात व्हिग या त्यांच्या पक्षातील इच्छुकांनी ही जागा आळीपाळीने घ्यावी, असा प्रघात पडला होता. जॉन हार्डिन आणि एडवर्ड बेकर यांच्यानंतर लिंकन यांची पाळी आली. पुढच्या खेपेस पक्षाने त्यांचे वकिलीतील जुने भागीदार स्टीफन लोगन यांना उभे केले आणि ते थोडक्यात पडले.

प्रतिनिधिगृहात लिंकन डिसेंबर १८४७ ते मार्च १८४९ एवढाच काळ होते आणि त्या काळातील त्यांचे लक्षात राहणारे काम, माझ्या मते, पुढाऱ्याचे कमी आणि वकिलाचे अधिक आहे. मेक्सिकोने अमेरिकेच्या भूमीवर अमेरिकी रक्त सांडले, असे सांगून अध्यक्ष जेम्स पोक यांनी मे १८४६ मध्ये काँग्रेसकडून युद्धाला मान्यता मिळवली होती. सभागृहात येऊन महिनाही झाला नव्हता, तोच २२ डिसेंबर १८४७ रोजी लिंकन यांनी आठ ठराव मांडून ते रक्त नेमके कोणत्या जागी सांडले, याची विचारणा केली. तेथील रहिवाशांनी टेक्सासच्या किंवा अमेरिकेच्या सरकारला कधी कर भरला होता काय, मतदान केले होते काय, ज्युरीत ते बसले होते काय, त्यांच्यावर कधी समन्स बजावले गेले होते काय, आणि अमेरिकी फौज येताना पाहून उभी पिके टाकून ते पळाले होते की नाही, असे हे प्रश्न होते. जमिनीच्या दाव्यात प्रतिपक्षाकडे वहिवाटीचा पुरावा मागावा, तशीच ही मांडणी आहे.

सभागृहाने ठराव विचारातच घेतले नाहीत. गावाकडच्या विरोधकांनी मात्र ठरावांतील ‘स्पॉट’ म्हणजे जागा या शब्दावरून त्यांना ‘स्पॉटी लिंकन’ म्हणून हिणवले. सैन्याच्या रसदीसाठी त्यांनी पैसे मंजूर केले होते. युद्ध कसे सुरू झाले याला विरोध आणि लढणाऱ्या शिपायाला रसद हा फरक त्यांच्या दृष्टीने साधा होता, पण तो भागीदार विल्यम हर्नडन यांनाही पत्राने समजावून सांगावा लागला.

मुदत संपल्यावर त्यांनी जमीन खात्याच्या आयुक्तपदासाठी खटपट केली, ते मिळाले नाही. ऑरेगनचे गव्हर्नरपद देऊ केले गेले, ते त्यांनी नाकारले. मग घोड्यावरून वा बग्गीतून तालुक्यांची न्यायालये फिरणे पुन्हा सुरू झाले. सभागृहात जागेचा नेमका ठावठिकाणा मागणारा हा वकील स्वतःची पत्रे उंच टोपीत ठेवत असे, आणि हर्नडन यांच्या आठवणीप्रमाणे कचेरीतील कागदांच्या एका गठ्ठ्यावर त्याने लिहून ठेवले होते, की दुसरीकडे कुठेच सापडले नाही तर यात पाहावे.