९३ टक्के बोलणं शब्दांशिवाय?

प्रश्न : ताई, मी इंदूरला मास कॉम करतेय. क्लासमध्ये सांगितलं की ९३ टक्के संवाद शब्दांशिवाय होतो. मग फोनवर, व्हॉट्सॲपवर कसं काय कळतं आपल्याला?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : अगं, तो आकडा फार ताणलाय लोकांनी. अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये छोटे प्रयोग केले, एकेक शब्द वेगवेगळ्या सुरात ऐकवला नि शब्द एक सांगतोय, सूर किंवा चेहरा भलतंच, तर बोलणाऱ्याच्या भावना लोक कशावरून ओळखतात एवढंच बघितलं, त्यातून ७-३८-५५ आलं, म्हणजे शब्द ७ टक्के, सूर ३८, चेहरा ५५; शेवटचे दोन मिळून तुझे ९३. सगळ्या बोलण्याला ते लावायचं नाही असं त्यांनीच सांगितलंय. नाहीतर राजवाड्यावरून सराफ्याचा रस्ता नुसत्या तोंडाच्या हावभावांनी विचारून बघ!

सूर लागतोच पण. सकाळी सासूबाईंना मेसेज केला, 'आज पोहे बाहेरून आणू?' उत्तर आलं, 'आण.' बस, एवढंच, पुढे पूर्णविराम. आता राग की होकार? समोर असत्या तर भुवईवरून कळलं असतं नि मी लगेच वाक्य फिरवलं असतं, तोच तुमच्या पुस्तकातला फीडबॅक. पेपरला, रेडिओला तो उशिरा मिळतो. मी शेवटी फोनच लावला. जिलबी पण आण म्हणाल्या.